उंबऱ्यात कोणी उभे राहत नाही

सन १९०० चा वैशाख. अक्षय्य तृतीया होऊन गेली होती आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. शेरदऱ्याच्या चर्चपुढची ही काळी दोण, गुरांना पाणी पाजायचे दगडी कुंड, तेव्हा नव्हती. आड होता. चर्चही होते, पण आजचे नव्हे. मातीच्या भिंती आणि वर धाब्याचे सपाट छप्पर. उंबरा मात्र हाच. सागाचा आहे, अजून किडलेला नाही.

नवा माणूस रविवारी इथे आला की दोन गोष्टी विचारतो. उपासनेआधी प्रत्येक घरची बाई आडाचे पाणी ओढते, एक घागर या दोणीत ओतते आणि मगच आत जाते, हे का? आणि उपासना सुरू झाली की उंबऱ्यात कोणाला उभे राहू देत नाहीत, हे का? आत बसा, नाहीतर बाहेर बसा. मूल जरी उंबऱ्यात रेंगाळले तरी पंच त्याला खांद्याला धरून बाजूला करतात. मोठा साहेब आला तरी त्याला तेच सांगतात. कोणाला राग येतो. येऊ दे.

याचे कारण गेनूबा मकासरे.

गेनूबा या वस्तीचा पहिला पंच. बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो तिशीतला होता. त्याआधी त्याची आई गावच्या आडाशी लांब बसून राहायची. आडाला हात लावायचा नाही. कोणा गाववाल्या बाईला दया आली तर ती वरून मडक्यात पाणी ओतायची. दया आली नाही तर मडके रिकामे घरी यायचे. गेनूबा लहानपणी आईशेजारी बसलेला होता. त्याने ते सगळे पाहिले होते. ही माणसे ख्रिस्ती झाली तशी गावाने तीही दया बंद केली. म्हणाले, आता तुमच्या साहेबाकडे मागा पाणी.

मिशनने माळावर जागा दिली. जागा म्हणजे नुसता खडक. गेनूबाने तिथे आड खणायला घेतला. पहार आणि दगड फोडायची सुतकी, बाकी काही नाही. गावातली माणसे गुरे घेऊन जाताना थांबायची. "गेनू, पाणी लागलं की सांग रं. आंघोळीला येऊ," असे म्हणून हसत पुढे जायची. दोन उन्हाळे गेले. खडकाखाली खडकच निघत होता. वस्तीतली माणसे कंटाळली. पहार धरायला गेनूबा आणि त्याची बायको सारजा एवढीच उरली.

तेव्हा गेनूबाने देवाला वचन दिले, असे सांगतात. आडाच्या तळाशी गुडघे टेकून तो म्हणाला, पाणी लागू दे. तुझ्या दिवशी या आडात दोर पडणार नाही. मी असेपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी पहारीच्या टोकाला ओल आली.

हे खरे की खोटे ते तपासायला आता कोणी उरलेले नाही. पण गेनूबा ते खरे मानत होता. त्याने वचन पाळले, आणि असे पाळले की वस्तीला धाक बसला. रविवारला तेव्हा सगळे शब्बाथ म्हणत. शनिवारी दिवस मावळायच्या आत बायकांनी पाणी भरून ठेवायचे. मग गेनूबा दोर आणि पोहरा काढून आणायचा आणि चर्चमध्ये दाराआडच्या खुंटीला अडकवायचा. सोमवारी उजाडेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. एकदा एका पोराने रविवारी नुसता दोराला झोका घेतला, तर गेनूबाने त्याच्या बापाला सगळ्यांसमोर उभे केले.

माणूस कडक होता, पण लबाड नव्हता. दारू सोडली ती सोडलीच. खोटी साक्ष द्यायला गावचा पाटील त्याला बोलावून थकला. उपासना सुरू झाली की तो दाराशी उंबऱ्यात उभा राहायचा. उशिरा येणाऱ्याकडे नुसते बघायचा. पुढच्या रविवारी तो माणूस सगळ्यांच्या आधी यायचा. देवाला काय आवडते ते गेनूबाला ठाऊक आहे, असे वस्ती मानत होती. तोही मानत होता.

मग छप्पन्नचा, म्हणजे संवत १९५६ चा, दुष्काळ पडला. गावचे आड आटले. गाववाले नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरू लागले. माळावरचा आड तेवढा टिकला. खाली गेला, पण आटला नाही. गेनूबा म्हणायचा, वचन पाळले त्याचे हे फळ. त्याला कोण काय बोलणार? पाणी समोर दिसत होते.

त्या वैशाखातल्या एका रविवारी उपासना चालू होती. तालुक्याहून पाळक आले होते. ते महिन्यातून एकदा यायचे, म्हणून प्रभुभोजनही, येशूच्या नावाने भाकर आणि प्याला घ्यायचा विधी, त्याच दिवशी असायचे. देवाला संतोष होईल असे कसे चालावे, यावर ते बोलत होते. गेनूबा उंबऱ्यात उभा होता. बाहेर ऊन नुसते पांढरे झाले होते.

एक धनगरीण माळ चढून आली. तिचे नाव धुरपदा. ओढ्यापलीकडे बाभळीखाली तिचा नवरा म्हाळू पडला होता आणि भोवती मेंढरे तोंडे उघडून उभी होती. ते झिऱ्यावर गेले होते, तिथून लोकांनी मेंढरांना हाकलले होते. त्यांचा वाडा, म्हणजे दीर आणि बाकीची माणसे, एक मजल पुढे होता. म्हाळूचे अंग तापले होते आणि जीभ टाळूला चिकटली होती.

धनगराला त्या आडाचे पाणी तेव्हा चालत नव्हते. सोवळे त्यांनाही होतेच. तरी ती आली. आधी आडाशी गेली. दोर नव्हता. आड अरुंद आणि खोल, उतरायला पायऱ्या नाहीत. तळाशी पाणी चमकत होते. ती बघत राहिली आणि मग चर्चच्या दाराशी आली. गेनूबाच्या पाठीमागे खुंटीला दोर लटकत होता. तो तिला दिसत होता.

तिने पाणी मागितले. मेंढरांचे राहू द्या, म्हणाली, माणसापुरते द्या.

गेनूबाने हळू आवाजात सांगितले की आज देवाचा दिवस आहे. आज दोर पडत नाही. घरोघर भरलेले पाणी आहे, त्यातले मिळेल. पण सगळ्या बायका आत आहेत. उपासना होऊ दे, मग देतो. तोवर भिंतीच्या सावलीला बस.

आपण काही वावगे बोललो असे त्याला वाटले नाही. पाणी देणार नाही असे तो म्हणाला नव्हता. थांब म्हणाला होता.

बायकांत बसलेल्या सारजाने मान वळवून पाहिले. धुरपदाच्या तोंडावरून तिला सगळे कळले. ती उठली. दारापर्यंत आली. गेनूबा बाजूला झाला नाही. त्याने हाताने खूण केली, बस. देवाचे काम चालू असताना कोणी उठायचे नाही, हा नेमही त्याचाच होता. सारजा क्षणभर त्याच्यासमोर उभी राहिली. बाहेर धुरपदा, आत सारजा आणि उंबऱ्यात तो. मग सारजा जागेवर जाऊन बसली. पुढे ती म्हणायची, मी का बसले ते मला देवाने विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

पाळक त्या दिवशी लांबले. मग गीत झाले. मग भाकर मोडली, प्याला फिरला. गेनूबाने उंबऱ्यातच भाकर घेतली. धुरपदा मध्येच उठून ओढ्याकडे गेली ते त्याने पाहिले.

शेवटचे आमेन होते न होते तोच सारजा घराकडे धावली. घागर उचलून अनवाणी ओढ्याकडे सुटली. मागून चार बायका, मग पुरुष, मग गेनूबा. तो धावला नाही. पंचाने धावायचे नसते.

म्हाळू गेला होता. डोके धुरपदाच्या मांडीवर होते. तिने सारजाच्या हातून घागर घेतली, पदर भिजवला, नवऱ्याचे ओठ पुसले. मग तोंड पुसले. मग उरलेले पाणी हळूहळू त्याच्या तोंडावर सोडले. स्वतः एक घोट घेतला नाही. घागर रिकामी झाली तशी ती सारजाला परत दिली.

ती रडली नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. गेनूबाकडे पाहून म्हणाली, "बाबा, पानी तुमच्या देवाचं. मधी तुमी कशापाई उभं राहिलात?"

तिने नवऱ्याचे डोके मांडीवरून खाली ठेवले.

"माझं मेंढरू तुमच्या दारचं पानी पिणार न्हाई," ती म्हणाली. तिथेच म्हाळूला माती दिली. दीर येऊन तिला आणि मेंढरांना घेऊन गेला. त्यातली किती पुढच्या पाण्यापर्यंत पोचली, कोणाला ठाऊक नाही.

पाळकांनी त्या संध्याकाळी गेनूबाशी बोलायचा प्रयत्न केला. तू जाणूनबुजून काही केले नाहीस, असे त्यांनी समजावले. गेनूबा म्हणाला, जाणूनबुजूनच केले. वचन दिले होते, ते पाळले.  पाळक तालुक्याला गेले.

त्या आठवड्यात गेनूबा अन्नाला नीट शिवला नाही. आडाच्या काठाशी बसून राहायचा. त्याची अडचण अशी होती. वचन मोडावे तर देवापुढे खोटे पडायचे, आणि आड आटला तर सगळी वस्ती तहानेने मरायची. वचन पाळावे तर ओढ्याकाठी मातीचा ढीग दिसायचा. दोन्हीकडे देवच उभा होता. कोणत्या बाजूला खरा, ते त्याला कळेना. जन्मभर त्याला असा प्रश्न पडला नव्हता.

सारजा भाकरी घेऊन आली. त्याने भाकरी सरकवली. ती तिथेच बसली. म्हणाली, "तुमची आय आडाशी बसायची ते ध्यानात हाय का?"

"हाय."

"वरून पानी न ओतणाऱ्या बायका काय वाईट व्हत्या? त्यांचाबी देव व्हता. त्यांनीबी नेमच पाळला."

गेनूबाने तिच्याकडे पाहिले.

"ती बाई तिचा नेम मोडून आपल्या दारी आली," सारजा म्हणाली. "तुमच्यानं तुमचा मोडवला न्हाई." मग तिने भाकरी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली आणि उठून गेली. त्याने ती खाल्ली की नाही, हे कोणी सांगत नाही.

पुढच्या रविवारी सगळे जमले तेव्हा गेनूबा आत आला आणि त्याने खुंटीवरचा दोर काढला. लोक घाबरले. एकदोघांनी वाट अडवली. एक म्हातारा म्हणाला, आड आटला तर लेकराबाळांनी तुझे नाव घेत मरायचे का? गेनूबा म्हणाला, "वचन म्या दिलं व्हतं. मोडतोबी मीच. शिक्षा हाय ती माझ्या डोक्यावर." लोक बाजूला झाले. तो बाहेर गेला आणि दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, शब्बाथाच्या दिवशी त्याने आडात पोहरा सोडला.

त्या दिवसापासून आडाचे पाणी वाढले, असे काही जण सांगतात. वाढले नाही. आटलेही नाही. होते तेवढेच राहिले.

आड खणताना निघालेली एक मोठी शिळा बाजूला पडून होती. गेनूबाने ती छिन्नीने कोरली. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा आणि सकाळ-संध्याकाळ शिळेशी बसायचा. हात लावू का विचारणाऱ्याला नको म्हणायचा. पुढच्या वर्षी दोण झाली. ती त्याने आडाशेजारी बसवली. रविवारी आधी दोण भरायची, मग आत जायचे, असे सुरू केले. आधी तो एकटाच भरायचा. मग सारजा. मग एकेक घर आले. कोणाला बोलवावे लागले नाही.

मात्र पाळक भाकर घेऊन समोर आले की गेनूबा मान हलवायचा. तो पंच होता. दुसऱ्यांसाठी मेज मांडायचा, प्याला पुसून ठेवायचा. स्वतः घेत नव्हता. पाळकांनी पुष्कळ सांगितले. म्हणाले, देवाची क्षमा दोण भरून मिळत नाही, ती मिळालेली आहे, घ्यायची असते. हाही एक गर्वच आहे, असेही म्हणाले. गेनूबाने ऐकून घेतले. म्हणाला, "देवानं माफ केलं असंल. तिनं न्हाई. तिचं देणं हाय माझ्याकडं." शास्त्रही तेच सांगते, आधी भावाशी समेट कर आणि मग वेदीपाशी ये, हे पाळकांना माहीत होते. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

धनगर दरसाल दिवाळीनंतर खाली उतरतात आणि उन्हाळ्याच्या शेवटाला याच ओढ्याने वर जातात. धुरपदाही जायची. मेंढरे हळूहळू वाढली होती. वैशाख लागला की गेनूबाचे डोळे ओढ्याकडे लागायचे. मेंढरांना पाण्याचा वास यायचा, ती माळाकडे तोंड करून ओरडायची. धुरपदा काठी आडवी धरून त्यांना पुढे हाकायची. गेनूबा दोणीशेजारी उभा राहायचा. हाक मारत नव्हता. हाक मारायचा हक्क आपल्याला नाही, असे त्याला वाटायचे. नुसता उभा राहायचा, ताठ, मुंडासे नीट बांधून. कळप दिसेनासा झाला की घरी यायचा. दरवर्षी हेच. त्याची पाठ वाकली, सारजाचे केस पांढरे झाले, जुने पाळक जाऊन नवे आले. तिकडे धुरपदाही काठी टेकत चालू लागली.

एका वर्षी कळप असाच निघून गेल्यावर सारजा म्हणाली, "तुमी तिथं खांबावानी उभं. तिनं यावं कसं?"

गेनूबा चिडला. म्हणाला, मी पाणी घेऊन उभा असतो, मला काय काठी घेऊन उभा समजतेस?

"तवाबी तुमी उभंच व्हता," सारजा म्हणाली.

तो त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग आडाशी गेला आणि दोणीशेजारी जिथे तो उभा राहायचा तिथे बघत राहिला. वर्षानुवर्षे उभा राहून तिथली जमीन गुळगुळीत झाली होती. तिथून ओढ्याची पायवाट सरळ दिसते. पायवाटेने वर येणाऱ्याला आधी तो माणूस दिसणार, मग दोण. ते त्याला इतकी वर्षे दिसले नव्हते.

पुढच्या वैशाखात रविवारी उपासनेच्या सुमारास ओढ्यात घंटा वाजल्या. गेनूबाने मुंडासे बांधले होते. त्याने दोण काठोकाठ भरली. दोर आणि पोहरा आडाच्या काठावर ठेवला. मग सगळ्यांना म्हणाला, चला आत. उंबऱ्यात पोरे उभी होती, त्यांना खांद्याला धरून आत नेले. स्वतः शेवटी आला. दाराशी थांबला नाही. दार उघडे ठेवून थेट पुढे गेला आणि दाराकडे पाठ करून बसला. पंच झाल्यापासून तो पहिल्यांदाच उपासनेला बसला होता, असे सांगतात.

आजही तसेच करतात. दोण भरतात, दोर काठावर ठेवतात, सगळे आत जातात, दार उघडे असते आणि उंबरा मोकळा. आत बसलेला माणूस मागे वळून बघत नाही, कोण आले म्हणून. तोही नेमच आहे, आणि तो त्या रविवारचा आहे.

त्या रविवारी महिन्याचे प्रभुभोजन होते. नवे पाळक प्रार्थना म्हणत होते. बाहेर घंटांचा आवाज ओढ्याशी थांबला. बराच वेळ काही नाही. गेनूबाचे हात मांडीवर होते, ते हलत नव्हते. मग घंटा पुन्हा वाजू लागल्या, आणि आवाज दूर जाण्याऐवजी जवळ आला. माळावर खुरांचा आवाज झाला. मग घंटा बंद पडल्या आणि शेकडो तोंडांनी पाणी ओढल्याचा आवाज येऊ लागला. पाळक थांबले. कोणी मान वळवली नाही. लहान पोरांची तोंडे आयांनी धरून ठेवली होती.

नंतर आडाचे लाकडी चाक वाजले. पोहरा पाण्यावर आपटला. चाक पुन्हा वाजले, आणि पुन्हा. म्हातारीचा दम लागलेला ऐकू येत होता. गेनूबा निम्मा उठला. शेजारून सारजाने त्याचे धोतर धरून खाली ओढले. तो बसला.

घंटा ओढ्याकडे उतरल्या आणि ऐकू येईनाशा झाल्या. पाळकांनी प्रार्थना पुरी केली नव्हती, तरी गेनूबा उठला आणि बाहेर गेला. बाहेर कोणी नव्हते. माळभर खुरांचे ठसे होते. दोर जसा ठेवला होता तसा गुंडाळून काठावर होता, ओला. दोण काठोकाठ भरलेली होती. पाण्यावर लोकरीचे दोनचार धागे तरंगत होते.

तो परत आत आला, मेजापाशी गेला आणि भाकरीसाठी हात पुढे केला.